कंडेल : पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या गावाची ओळख

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



छत्तीसगडमधील एखाद्या शेतीप्रधान गावाची ओळख बाहेरून येणारे पाहुणे आणि गुंतवणूकदार यांना कशी करून द्यावी, असा आजचा विषय आहे. वरवर पाहता हा माहितीपत्रकाचा विषय वाटेल. गावाचे क्षेत्रफळ, प्रमुख पीक, जवळचे रेल्वे स्थानक, प्रेक्षणीय स्थळे आणि शेवटी 'गुंतवणुकीस भरपूर वाव' हे एक वाक्य, असा या पत्रकांचा साचा ठरून गेलेला आहे. आपल्याकडे तो आहे, तसाच तो इंडोनेशियातही आहे. तेथे 2014 च्या ग्राम कायद्यानंतर गावांना थेट निधी मिळू लागला, ग्रामपातळीवरील उद्योगसंस्था उभ्या राहिल्या आणि आपल्या गावाची ओळख जगापुढे मांडण्याची जणू स्पर्धाच सुरू झाली. त्यात गैर काहीच नाही. परंतु अशा पत्रकांत एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे 'मुबलक'. मुबलक पाणी, मुबलक जमीन, मुबलक मनुष्यबळ. या शब्दाखाली गावाचा खरा हिशेब झाकला जातो, असे माझे मत आहे.

म्हणून उदाहरणासाठी मी असे एक गाव निवडले आहे, ज्याने शंभर वर्षांपूर्वी पाण्याचा हिशेब स्वतः मांडला आणि तो सरकारपुढे ठेवला. त्या गावाचे नाव कंडेल. ते धमतरी तालुक्यात आहे. छत्तीसगडच्या राज्यसेवा परीक्षेला बसणाऱ्यांना 'कंडेल नहर सत्याग्रह, 1920' ही एक ओळ पाठ असते. त्या ओळीच्या मागे असलेले गाव आज आपल्याला पाहावयाचे आहे.

भूमी आणि पीक

रायपूरहून दक्षिणेस जगदलपूरच्या वाटेने निघाले की सुमारे पाऊणशे किलोमीटरवर धमतरी लागते. 1900 मध्ये सुरू झालेली अरुंद मापाची रेल्वे धान आणि जंगलातील लाकूड घेऊन याच मार्गाने रायपूरला येत असे. धमतरी हा पूर्वी रायपूर जिल्ह्याचाच भाग होता. 1998 मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. महानदीचा उगम याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सिहावाच्या डोंगरात आहे. त्यामुळे जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. नगरी-सिहावाकडचा भाग जंगलाचा व आदिवासीबहुल असून तो राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. धमतरी आणि कुरूदकडचा भाग सपाट आणि कालव्याखालचा, म्हणजेच धानाचा आहे. कंडेल या दुसऱ्या भागात मोडते.

येथील शेतकरी जमिनीचे वर्गीकरण पुस्तकातून शिकलेला नाही, पण त्याचे शब्द कृषी विद्यापीठानेही स्वीकारलेले आहेत. काळी व भारी ती कन्हार, पिवळसर व हलकी ती मटासी, या दोहोंच्या मधली डोरसा आणि मुरमाड, निकस ती भाटा. मटासीत धान चांगले येते. कन्हारात धानानंतर हरभऱ्यासारखे पीक ओलाव्यावर घेता येते. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या विद्यार्थ्यांना यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. तिकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि उभ्या धानात कापणीपूर्वी लाखोळी फेकून पेरण्याची रीत आहे. तीच रीत येथे 'उतेरा' या नावाने चालते आणि लाखोळीला 'तिवरा' म्हणतात. हे साम्य योगायोगाचे नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा प्रदेश होताच, शिवाय पुढे मध्य प्रांताच्या रूपाने विदर्भ आणि छत्तीसगड एकाच कारभाराखाली, एकाच मालगुजारी पद्धतीत दीर्घकाळ राहिले. गावतळे बांधणारा मालगुजार दोन्हीकडे होता. तळ्यांच्या बाबतीत भंडारा, गोंदिया, चंद्रपूरने 'मालगुजारी तलाव' हा शब्द जपला. इकडे तळी राहिली, शब्द मात्र मागे पडला.

धान पेरण्याची जुनी पद्धत 'बियासी' ही आहे. पावसाच्या सुरुवातीला बी फेकून पेरावयाचे, महिनाभराने शेतात पाणी साचले की उभ्या पिकातच नांगर चालवावयाचा. त्याने तण मोडते, दाट रोपे विरळ होतात आणि मुळांना मोकळीक मिळते. परक्या माणसाला हे पिकाचा नाश केल्यासारखे दिसते. या पद्धतीला एक गोष्ट मात्र अनिवार्य आहे. नेमक्या त्या आठवड्यात शेतात पाणी असले पाहिजे. पाऊस लांबला तर बियासी लांबते आणि उत्पन्न घटते. वर्षाला सरासरी अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कालव्याची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. गरज हंगामभर पाण्याची नसते, ऐन वेळच्या एक-दोन पाळ्यांची असते. पुढचे सगळे प्रकरण याच एका बाबीवर उभे आहे.

कालवा, करार आणि सत्याग्रह

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छत्तीसगडला लागोपाठ दुष्काळांनी ग्रासले. 1896-97 आणि 1899-1900 या वर्षांत मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर 1901 ते 1903 या काळात काम केलेल्या भारतीय सिंचन आयोगाच्या विचारमंथनातून मध्य प्रांतात संरक्षक सिंचनाची कामे हाती घेण्यात आली. महानदीवर रुद्री येथे बंधारा बांधून कालवा काढण्यात आला आणि त्याला पाणी पुरविण्यासाठी सिलयारी नदीवर माडमसिल्लीचे धरण 1914 ते 1923 या काळात उभे राहिले. पाण्याची पातळी ठराविक उंचीवर गेली की वक्रनलिकांतून ते आपोआप बाहेर पडावे, अशी या धरणाची रचना आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य जाऊन पाहावी.

'संरक्षक सिंचन' ही संज्ञा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. असे सिंचन दुष्काळापासून पीक वाचविण्यासाठी असते. परंतु मग एक आर्थिक पेच निर्माण होतो. चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकऱ्याला कालव्याचे पाणी नको असते आणि तो पैसे देत नाही. अवर्षणाच्या वर्षी सगळ्यांना एकदमच पाणी हवे असते. कालव्यावर झालेला खर्च मात्र दरवर्षी व्याज मागतो. त्यावर सिंचन विभागाने काढलेला तोडगा म्हणजे दीर्घ मुदतीचा करार. गावाने दहा वर्षांसाठी एकदम करार करावा, पाणी घेतले अथवा न घेतले तरी ठरलेली पट्टी भरावी.

कंडेलपुढे असाच करार ठेवण्यात आला. गावाने नकार दिला. त्या नकारामागचे कारण भावनिक नव्हते. दहा वर्षांत जेवढी रक्कम भरावी लागणार होती, तेवढ्या रकमेत गावाला स्वतःचे मोठे तळे खोदता आले असते, असा गावकऱ्यांचा हिशेब होता. तळे एकदा झाले की ते गावाचे. करार संपला की पुन्हा करार. प्रकल्प मूल्यमापनाचे जे तंत्र आज आपण व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवितो, ते या शेतकऱ्यांनी विनाशाळा वापरले.

पुढे ऑगस्ट 1920 मध्ये कंडेलच्या शेतांत कालव्याचे पाणी आढळले आणि गावावर पाणीचोरीचा आरोप ठेवून चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसविण्यात आला. भर पावसाळ्यात, बांध्या भरलेल्या असताना पाणी चोरण्याचे आम्हाला कारणच काय, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. दंड भरला गेला नाही. तेव्हा गावची गुरे जप्त झाली आणि लिलावासाठी आठवडी बाजारात नेण्यात आली. एका बाजारात बोली लागली नाही म्हणून दुसऱ्या बाजारात नेली, तेथेही कोणी बोली लावली नाही. शेतकऱ्याचा बैल दुसऱ्या शेतकऱ्याने लिलावात घ्यावयाचा नाही, एवढे एकच शस्त्र या लढ्यात होते आणि ते पुरेसे ठरले.

या सत्याग्रहाचे नेतृत्व पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी केले. तिसऱ्या नावाकडे मराठी विद्यार्थ्यांचे लक्ष गेलेच असेल. छत्तीसगडच्या सार्वजनिक जीवनात मराठी घराण्यांचा वाटा सांगताना आपण माधवराव सप्रे यांच्या 'छत्तीसगड मित्र' या 1900 साली सुरू झालेल्या मासिकापाशी थांबतो. धमतरीच्या शेतकऱ्यांबरोबर उभा राहिलेला हा दुसरा मराठी माणूस आपल्या वाचनात क्वचित येतो. सुंदरलाल शर्मा यांनी गांधीजींना येथे येण्याची विनंती केली आणि प्रचलित इतिहासग्रंथांनुसार गांधीजी 20 डिसेंबर 1920 रोजी रायपूरला व दुसऱ्या दिवशी धमतरीला पोहोचले. तोपर्यंत सरकारने दंड मागे घेऊन गुरे परत केली होती. असहकाराचा ठराव नागपूरच्या अधिवेशनात त्यानंतर काही दिवसांनी पक्का झाला, हा कालक्रम लक्षात ठेवावा. कंडेलचा लढा त्या ठरावाची वाट पाहत बसला नव्हता.

माडमसिल्लीच्या जलाशयाला पुढे बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचे नाव देण्यात आले. ज्या कालव्याच्या पट्टीविरुद्ध त्यांनी लढा दिला, त्याच कालव्याला पाणी देणारे हे धरण आहे.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दीर्घ मुदतीचा करार ही मागणी मुळातच अन्यायाची होती, असे मी म्हणणार नाही. ज्याने भांडवल गुंतविले त्याला परताव्याची खात्री हवी असते. मग तो सरकारी सिंचन विभाग असो वा आजचा एखादा प्रक्रिया उद्योजक. प्रश्न असा असतो की जोखीम कोणाच्या वाट्याला गेली. कंडेलच्या करारात पावसाची सगळी जोखीम गावाने घ्यावयाची होती आणि परताव्याची सगळी खात्री विभागाला मिळणार होती. 2020 च्या केंद्रीय कृषी कायद्यांपैकी एक कायदा करारशेतीचा होता. ते कायदे 2021 मध्ये मागे घेण्यात आले, परंतु त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत हाच प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा पुढे आला होता. निबंधाच्या उत्तरात हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा.

धानाचे आजचे अर्थकारण

आता आजच्या गुंतवणूकदाराकडे वळू. तो या पट्ट्यात आला तर सर्वप्रथम त्याला एक आकडा समजून घ्यावा लागेल. खरीप 2023-24 पासून छत्तीसगड राज्यात शेतकऱ्याकडून एकरी 21 क्विंटलपर्यंत धान क्विंटलला 3100 रुपये या दराने घेतले जाते. केंद्राची किमान आधारभूत किंमत आणि हा दर यांतील फरक राज्य शासन देते. 2024-25 मध्ये साधारण धानाची आधारभूत किंमत 2300 रुपये होती, म्हणजे फरक 800 रुपयांचा. एकरी 21 क्विंटलला हा फरकच 16,800 रुपये होतो आणि एकूण रक्कम 65,100 रुपये. सहकारी संस्थांच्या अडीच हजारांहून अधिक केंद्रांवर ही खरेदी होते. 2023-24 मध्ये सुमारे 145 लाख टन आणि 2024-25 मध्ये सुमारे 149 लाख टन धान अशा प्रकारे खरेदी झाले.

याचा अर्थ असा की, जो कोणी कंडेलच्या शेतकऱ्याला भाजीपाला, फुले, तेलबिया वा फळबाग यांचा प्रस्ताव देईल, त्याला एकरी 65,000 रुपयांच्या जवळजवळ खात्रीच्या उत्पन्नाशी स्पर्धा करावी लागेल. पीक विविधीकरणाच्या अनेक सुंदर योजना या एका आकड्यापाशी येऊन अडतात. धोरण म्हणून हा दर योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. छोट्या शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम येते, गावातील बाजारपेठ चालते, ही जमेची बाजू आहे. दुसरीकडे जमिनीचा प्रत्येक तुकडा, मग तो भाटा असला तरी, धानाखाली आणण्याची ओढ वाढते.

शासकीय खरेदी खरिपाच्या धानाची होते. तरीही जेथे कालवा वा नलिकाकूप आहे, तेथे शेतकरी उन्हाळ्यातही धान घेतो आणि ते व्यापाऱ्याला विकतो. एक किलो तांदळामागे काही हजार लिटर पाणी लागते, ही गोष्ट पावसाळ्यात खटकत नाही; एप्रिलच्या उन्हात मात्र ते पाणी जमिनीखालून उपसावे लागते. धमतरी जिल्हा धरणांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि तरीही तेथे उन्हाळ्यात हातपंप कोरडे पडण्याची वेळ आली. या पार्श्वभूमीवर याच जिल्ह्यातील परसतराई या गावाने उन्हाळी धान न घेण्याचा सामूहिक निर्णय घेतला आणि हरभरा, मोहरी, भाजीपाला अशा कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्यास सुरुवात केली. या निर्णयात गावातील महिलांचा पुढाकार होता. पाणी भरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना भूजलाची पातळी कोणत्याही अहवालाआधी कळते.

महाराष्ट्रात याच विचाराचे सर्वपरिचित उदाहरण हिवरे बाजार हे आहे. तेथे पाऊस याच्या जेमतेम एकतृतीयांश. पण पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात, म्हणजे 1989 नंतर, ग्रामसभेने पाण्याचे वार्षिक अंदाजपत्रक मांडण्याची, पाऊस कमी झाल्यास रब्बीचे क्षेत्र कमी करण्याची आणि ऊस-केळीसारखी पिके टाळण्याची शिस्त लावून घेतली. बाहेरच्या व्यक्तीला जमीन विकावयाची नाही, असाही तेथील ग्रामसभेचा निर्णय आहे. हे गाव पाहावयास देशभरातून लोक येतात. म्हणजे पाहुण्यांना दार उघडे आणि जमिनीच्या खरेदीदाराला बंद. गुंतवणूक आली पाहिजे याचा अर्थ जमीन गेली पाहिजे, असा होत नाही, हे या गावाने दाखविले आहे.

गुंतवणुकीची खरी ठिकाणे

मग धमतरीच्या पट्ट्यात पैसा घालावा कोठे? भात गिरण्यांमध्ये तो पूर्वीपासून आहे. धमतरी शहर व परिसर भात गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. शासकीय धानाच्या भरडाईत 100 किलो धानामागे अरवा तांदूळ 67 किलो आणि उसना तांदूळ 68 किलो देण्याचा निकष आहे. उरलेल्यात तूस, कोंडा आणि कणी. कोंड्यापासून तेल निघते, तुसावर बाष्पक चालतो व वीजही निर्माण होते. परंतु यातील फारच थोडी प्रक्रिया गावात होते. गावातून धान जाते आणि तूसही त्याच्याबरोबरच जाते. पोहे व मुरमुऱ्यांचे लघुउद्योग, बी प्रक्रिया, शेती अवजारांची भाड्याने देवघेव आणि धानानंतरच्या कडधान्याची डाळ गावातच भरडणे ही कामे जमिनीच्या खरेदीविना, बचत गट वा सहकारी संस्थेच्या भागीदारीत होण्यासारखी आहेत. मोठा गुंतवणूकदार त्यात रमणार नाही, हे खरे. पण हे त्याच्यासाठी सोडलेले क्षेत्र नाहीच.

दुसरे क्षेत्र सुगंधी तांदळाचे. नगरीच्या दुबराज तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी बगरूमनाला या गावातील महिलांचा बचत गट पुढे आला होता. छत्तीसगडमधील सरगुजा भागाच्या जीराफूल तांदळाला हे मानांकन 2019 मध्येच मिळालेले आहे. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो आणि उशिरा पिकतो. म्हणून शेतकऱ्यांनी तो हळूहळू सोडला होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने किरणोत्सर्गी प्रक्रियेतून त्याचा ठेंगणा वाण तयार केला, त्याच्या नावातच ट्रॉम्बे आणि छत्तीसगड ही दोन्ही ठिकाणे आहेत. मात्र मानांकन म्हणजे बाजारपेठ नव्हे, हे कोकणातील आणि विदर्भातील अनेक उत्पादकांनी अनुभवले आहे. नाव वापरणाऱ्या भेसळखोर व्यापाऱ्याला अडविण्याची यंत्रणा, वेगळी साठवण आणि वेगळी भरडाई यांशिवाय मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवरच राहते. दुबराजाच्या बाबतीत खरी गुंतवणूक या तीन गोष्टींत हवी आहे.

बियाण्यांचा विषय निघालाच आहे, तर या शहरात घडलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगाव फिरून धानाच्या हजारो स्थानिक वाणांचे नमुने गोळा केले. तो संग्रह आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे असून त्यात तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. 2002 मध्ये सिंजेन्टा या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर संयुक्त संशोधनाचा करार होऊ घातला होता. वाणांचा हा ठेवा कंपनीच्या हाती जाईल, या आशंकेने रायपुरात तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. 1920 मध्ये करार पाण्याचा होता आणि 2002 मध्ये बियाण्याचा. दोन्ही वेळा आक्षेप एकच होता, तो म्हणजे ज्याची वस्तू आहे त्याला विचारले का?

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो, कारण ती तुमच्या पुस्तकांत आहेच. पाणी हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा 17 वा विषय आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, जल व्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे म्हणून नोंदविलेले आहेत. अनुसूचित क्षेत्रात 1996 चा पेसा कायदा लागू होतो आणि छत्तीसगडने त्याचे नियम 2022 मध्ये केले. भू-महसूल संहितेनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर कडक निर्बंध आहेत. नगरीच्या जंगलपट्टीतील जबर्रा या गावाला वनहक्क कायद्याखाली 2019 मध्ये 5352 हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला असे हक्क 2009 मध्ये मिळाले होते, त्या क्षेत्रापेक्षा हे जवळपास तिप्पट आहे. जबर्राचे तरुण आता पाहुण्यांना जंगलवाटा आणि औषधी वनस्पती दाखवितात. त्या गावात गुंतवणूक करू इच्छिणाऱ्याला तहसील कार्यालयाच्या आधी ग्रामसभेपुढे उभे राहावे लागेल.

पाहुण्यांसाठी

आता पाहुण्यांविषयी. बहुतेक जण धमतरीला गंगरेल धरण पाहण्यासाठी जातात. महानदीवरील हे धरण 1970 च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. रायपूरचे पिण्याचे पाणी आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याचे पाणी येथून येते. नौकाविहार, जलक्रीडा, सुट्टीची गर्दी असे त्याचे आजचे रूप आहे. परंतु या पाण्याखाली पन्नासहून अधिक गावे गेली आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके न्यायालयापर्यंत झगडत राहिला. बुडालेल्या परिसरातील अंगारमोती देवीचे ठाणे धरणाच्या काठावर पुन्हा स्थापन करण्यात आले. दिवाळीनंतर तेथे मोठी मडई भरते आणि विखुरलेल्या गावांची माणसे त्या दिवशी एकत्र येतात. नौका भाड्याने घेणाऱ्या पाहुण्याला ही हकीकत कोणी सांगत नाही. ती फलकावर लिहिली तर पर्यटन कमी होईल, असे मला वाटत नाही.

इंडोनेशियाच्या बाली बेटावरील जातिलुविह हे भातखाचरांचे गाव या संदर्भात पाहण्याजोगे आहे. तेथील 'सुबक' ही शेतकऱ्यांची पाणीवाटप संस्था कित्येक शतकांची असून तिच्या भूदृश्याला 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्या गावाला उत्कृष्ट पर्यटन ग्रामांत गणले. त्याच वर्षी त्याच संघटनेच्या सुधारणा कार्यक्रमासाठी आपल्या बस्तरमधील धुडमारास या गावाची निवड झाली, हेही नोंदवून ठेवा. बालीत पाहुणा ज्या दृश्यासाठी येतो, ते दृश्य म्हणजे प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी आपसांत केलेला पाणीवाटपाचा करार आहे. मध्य जावातील पोंगोक या गावाने तर झऱ्याच्या पाण्याचे तळे स्वतःच्या ग्रामउद्योगामार्फत पाहुण्यांसाठी खुले केले आणि त्याचे उत्पन्न गावाच्या तिजोरीत आणले. कंडेलच्या शेतकऱ्यांनी 1920 मध्ये ज्या तळ्याचा हिशेब मांडला होता, त्याची येथे आठवण होते.

कंडेलला धरण नाही, धबधबा नाही. कालवा आहे, धान आहे आणि सत्याग्रहाची स्मृती आहे. गांधीजींच्या 150 व्या जयंतीनिमित्त 2019 मध्ये रायपूरपर्यंतची पदयात्रा येथूनच निघाली होती. एवढ्या भांडवलावर पाहुणा येईल काय? माझ्या मते येईल, पण तो सहलीचा पाहुणा नसेल. सिंचन अभियांत्रिकीचे, इतिहासाचे, लोकप्रशासनाचे विद्यार्थी येतील; पाणीवापर संस्था चालविणारे शेतकरी येतील. त्यांना दाखविण्यासाठी कालव्याची चारी, जुना करार समजावून सांगणारा एखादा फलक आणि दुपारचे जेवण पुरेसे आहे. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचे धोरण 2020 मध्ये आले आणि शेतकऱ्याच्या घरी राहण्याची पद्धत तेथे रुळली आहे. तिच्यातून येथील गावांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तांदळाचा चीला, फरा, अंगाकर रोटी, लाल भाजी आणि उन्हाळ्यात रात्रभर पाण्यात भिजविलेला भात, म्हणजे बोरे-बासी, हे जेवण देण्यासाठी वेगळ्या उपाहारगृहाची आवश्यकता नाही.

जाण्याचा काळ विचाराल तर माझी सूचना दोन वेळांची आहे. पहिली श्रावण अमावास्येची, हरेलीच्या दिवशी. त्या दिवशी नांगर-कुदळी धुऊन त्यांची पूजा होते, मुले गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चालतात आणि बियासीचे काम सुरू असते वा नुकतेच आटोपलेले असते. दुसरी पौष पौर्णिमेची. धान खळ्यावरून घरात आलेले असते, मुले टोपल्या घेऊन दारोदार 'छेरछेरा' मागत फिरतात आणि प्रत्येक घरातून ओंजळभर धान दिले जाते. जमलेले धान काही गावांत रामकोठीत, म्हणजे गावाच्या सामाईक कोठारात, टाकण्याची प्रथा आहे. अडल्यानडल्याला त्यातून उसने दिले जाते आणि पुढच्या पिकावर परत घेतले जाते. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या ओंजळीतही धान पडते. ते नाकारू नये.